शिट्टीवाली रेकॉर्ड

माघात आभाळ भरून आलं की निपाणीत माणसं हळू बोलतात. शिवारात तंबाखू कापून वाळत घातलेली असते, वर्षाची सगळी मेहनत उघड्यावर पडलेली असते, आणि दोन सरी आल्या तरी पान काळं पडतं. म्हणून पावसाचं नाव कोणी घेत नाही. चहाच्या गाड्यावर "हवा जरा जड हाय" एवढंच बोलतात आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात. मला बेळगावात कायमचं येऊन तीस वर्षं झाली. प्राथमिक शाळेत शिकवते, तंबाखूशी काडीचा संबंध उरलेला नाही. तरी माघात सकाळी दार उघडलं की माझी नजर आधी वर जाते.

यंदा गुरुवारपासून आभाळ होतं. शुक्रवारी आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, निपाणीत आमच्या तंबाखूच्या वखारीमागच्या घरात एकटी राहते. फोनवर ती ओरडूनच बोलते, कारण तिच्या मते हल्ली कुणाच्याच फोनला आवाज नसतो.

"पान मऊ पडलंय गं," ती म्हणाली. "आणि तुझ्या त्या रेकॉर्डी सगळ्या नासल्या. येऊन घेऊन जा, न्हायतर भंगारात घालतो मी."

पान म्हणजे खिडकीच्या खिळ्याला टांगलेलं तंबाखूचं पान. हवेत ओल आली की ते मऊ पडतं, ऊन तापलं की कडक होतं. आमचे वडील, आप्पा, दर हंगामात नवं पान टांगायचे. रेडिओवर काहीही सांगोत, आमच्या घरात त्या पानाचं ऐकलं जाई. आप्पा गेले तरी आक्का ते टांगते. आणि रेकॉर्डी म्हणजे नव्वद-एक्याण्णवच्या आसपास आम्ही दोघींनी जमवलेल्या नाचाच्या गाण्यांच्या रेकॉर्डी. त्या नासल्या हे ऐकून वाईट वाटलं. नासल्या म्हणजे काय झालं, असं मी विचारलं.

"वरचा आवाजच गेला की. नुसतं धुम धुम वाजतंय."

मी फोन ठेवला. आक्काचे कान गेली सहा-सात वर्षं कमी होत चालले आहेत. आप्पांचे पन्नाशीच्या आतच गेले होते. आमच्या घरात असं आहे, बाकी तब्येत ठणठणीत आणि कान मात्र लवकर निघून जातात. मी एक्कावन्न वर्षांची आहे. डॉक्टरांनी दिवाळीत कान तपासून घ्यायची चिठ्ठी दिली, ती माझ्या पर्समध्ये घडी घालून आहे. तपासायला वेळ मिळाला नाही असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर वेळ भरपूर आहे. माझे कान चांगले आहेत, फक्त आजकालची पोरं फार पुटपुटतात, शिक्षकांच्या खोलीतल्या बायका तोंडावर हात ठेवून बोलतात, आणि आमच्या कुकरची शिट्टी बिघडलेली आहे.

त्या रेकॉर्डींची गोष्ट अशी. मी बेळगावला कॉलेजात होते, वसतिगृहात राहायचे. कॅम्प भागात एका बोळात पास्कलअंकलचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. त्यांचा भाचा गोव्यात समुद्रकाठच्या एका नाचाच्या ठिकाणी गाणी लावायचा आणि त्याच्याकडच्या वापरून झालेल्या रेकॉर्डी अंकलच्या दुकानात मागच्या फळीवर येऊन पडायच्या. ताटाएवढी मोठी रेकॉर्ड आणि तिच्या एका बाजूला एकच गाणं. उलटी केली की तेच गाणं पुन्हा, शब्द काढून टाकलेलं. मी पहिली रेकॉर्ड घरी नेली तेव्हा आईनं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "एवढ्या मोठ्या ताटात एकच पोळी?"

मला मात्र त्या एका पोळीनंच वेड लावलं. तोवर गाणं म्हणजे कुणीतरी कुणालातरी काहीतरी सांगणं, एवढंच माहीत होतं. हे गाणं काही सांगतच नव्हतं. एक ठोका सुरू व्हायचा आणि चालत राहायचा, त्याच्या वर पितळी ताटली घासल्यासारखं छस् छस् यायचं, मग खूप लांबून एक बाई दोनच शब्द म्हणायची आणि निघून जायची. कुठे जाते, का जाते, काही नाही. ऐकताना अंगावर काटा यायचा आणि पाय थांबायचे नाहीत, दोन्ही एकदमच.

गाण्यांची नावं आम्हाला कधी कळलीच नाहीत. मधल्या कागदावर काळ्या शाईनं सगळं खोडलेलं असायचं. अंकल म्हणाले, "भाचा खोडतो. दुसऱ्यानं बघून तीच आणू नये म्हणून." मग आम्हीच बारसं केलं. एक रडकी, एक दमेकरी, एक पायऱ्या उतरणारी. आणि सगळ्यात लाडकी शिट्टीवाली. तिच्यात ठोका ऐन भरात आला की एक बारीक, धारदार शिट्टी वाजायची, आधी एकदा, मग थांबून सलग. ती वाजली की आक्का डोळे मिटायची.

शनिवारी दुपारी मी एस.टी.नं निपाणीला निघायचे. रेकॉर्ड पिशवीत घालून मांडीवर आडवी धरायची, तिच्यावर काही टेकवायचं नाही. संकेश्वर जवळ आलं की साखर कारखान्याच्या मळीचा वास गाडीत शिरायचा. एकदा शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कालनिर्णय हाय व्हय गं?" मी हो म्हटलं. नाचाची रेकॉर्ड आहे हे तिला समजावत बसण्यापेक्षा ते बरं. हंगामात निपाणीच्या अलीकडेच तंबाखूचा वास सुरू होतो, आधी नाकाला, मग घशाला. बाहेरची माणसं शिंकतात. आम्हाला तो घराचा वास वाटायचा.

वखारीच्या माळ्यावर आप्पांनी एके काळी हौसेनं घेतलेला रेकॉर्ड प्लेयर धूळ खात पडला होता. तो आक्कानं पुसून चालू केला. खाली तंबाखूची पोती, वर आम्ही. ओढण्या कमरेला बांधून अनवाणी नाचायचो, फळ्यांतून धूळ खाली झरायची, डोळ्यांतून पाणी यायचं, शिंकत शिंकत नाचायचो. आक्का माझ्याहून चांगली नाचायची. ती जागची फारशी हलायचीच नाही, फक्त तिची मान आणि खांदे, आणि बघणाऱ्याला वाटायचं की ठोका तिच्याच आतून निघतोय. रेकॉर्डींना कसर लागू नये म्हणून तिनंच प्रत्येक पाकिटात तंबाखूचं एकेक पान घातलं. लोकरीच्या कपड्यांत घालतात तसं. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

आप्पा ओरडतील ही भीती मात्र कायम असायची. आप्पा तसे तापट नव्हते, पण हंगामात त्यांच्या वाटेला जायचं नाही असा नियम होता. एका शनिवारी आम्ही शिट्टीवाली लावली होती, आवाज पूर्ण मोठा, आणि शिडीवर पावलं वाजली. बंद करायला वेळच नव्हता. आप्पांचं डोकं वर आलं. ती शिट्टी अशी वाजत होती की मला स्वतःला कानात बोटं घालावीशी वाटली. आप्पांनी माळ्यावरची दोरी घेतली, जाता जाता थांबले आणि म्हणाले, "आज चक्की लई येळ चाललीय गं. पीठ तरी कुणाचं एवढं?"

समोरच्या गल्लीत पिठाची चक्की होती. ते खाली उतरले. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. त्यांना फक्त ठोका ऐकू आला होता. वरची छस् छस्, ती बाई, ती शिट्टी, काहीही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आक्कानं तोंडावर ओढणी दाबली आणि आम्ही हसून हसून पोत्यांवर पडलो.

आप्पांना ऐकू येत नाही हे घरात सगळ्यात आधी आम्हाला कळलं, ते असं. आणि आम्ही कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. कारण उघड आहे, आता गाणी बिनधास्त लावता येणार होती. पुढच्या दोन महिन्यांत मी सहा रेकॉर्डी आणल्या. आयुष्यातला इतका आनंदाचा काळ दुसरा आठवत नाही, आणि तो आठवला की आजही लाज वाटते.

कारण आप्पा तंबाखू कानानं घ्यायचे. बाकीचे व्यापारी पान हातात चुरगाळून बघतात, वास घेतात. आप्पा पान मुठीत धरून मूठ कानाशी नेत आणि दाबत. पान वाळलेलं असलं की करकर वाजतं, ओलं असलं की गप्प राहतं. "हाताला घाम असतोय, हात फसवतोय," ते म्हणायचे. "कान फसवत न्हाय." त्यांच्या या सवयीला बाजारात मान होता. आप्पांनी कानाशी लावून घेतलेला माल म्हणजे वाळलेलाच, असं लोक डोळे मिटून धरत.

त्या माघातही असंच आभाळ होतं. बाळगोंडा आण्णा गाड्या भरून माल घेऊन आले. आमच्या गावापासून दोन कोसांवरचे शेतकरी, माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडेच माल घालणारे. रविवार होता म्हणून मी घरी होते, आक्का आणि मी वखारीच्या दारात उभ्या होतो. आप्पांनी पान काढलं, मूठ कानाशी नेली, दाबली. मला पाच हातांवरून ती करकर ऐकू आली.

"ओलं हाय," आप्पा म्हणाले.

बाळगोंडा आण्णा हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. आप्पांनी दुसरं पान घेतलं, मग तिसरं, दुसऱ्या गाडीतलं. प्रत्येक वेळी तो आवाज, आणि प्रत्येक वेळी, "ओलं हाय. वाळवून आण."

"आप्पा, आभाळ आलंय," आण्णा म्हणाले. "आता माघारी न्हेलं तर ठेवू कुठं? घरात जागा न्हाय. हात लावून तरी बघा की."

"मला शिकवू नगं."

आण्णांनी आप्पांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग बैल वळवताना बरोबरच्या गड्याला हळूच कानडीत म्हणाले, "किवी केळंगिल्ला." यांना ऐकू येत नाही. आमच्या घरात कानडी सगळ्यांना कळतं. आप्पा दोन हातांवर पाठमोरे उभे होते, आणि ते वळले नाहीत.

आण्णांनी आमच्याकडे पाहिलं. एवढंच. तेव्हा आम्ही बोलू शकलो असतो. आक्कानं पुढे होऊन एवढं जरी म्हटलं असतं, "आप्पा, पान वाजतंय, मला ऐकू येतंय," तरी पुरलं असतं. मीही म्हणू शकले असते. पण बापाला चारचौघांत बहिरं कसं म्हणायचं, असं मनाशी म्हणत आम्ही उभ्या राहिलो. त्याच्या खाली दुसरं एक कारण होतं, ते माळ्यावर होतं.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. तासभरच, पण पुरेसा. बाळगोंडा आण्णांचा अंगणात झाकून ठेवलेला माल खालून भिजला आणि काळा पडला. बातमी कळली तेव्हा आप्पा जेवत होते. आईनं दोनदा मोठ्यानं सांगितली. आप्पांनी घास खाल्ला, पाणी प्यायले आणि समाधानानं म्हणाले, "बघितलंस? मी म्हटलं न्हवतं, ओलं हाय?"

आण्णा पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. त्यांच्यामागोमाग इतरही येईनासे झाले. शेवटी आक्कानंच एका संध्याकाळी आईला सांगितलं. त्यानंतर प्रत्येक हंगामात ती आप्पांच्या शेजारी उभी राहायची. आप्पा पान कानाशी नेऊन दाबायचे, आणि आक्का मागून त्यांच्या पाठीवर बोट टेकवायची, एकदा टेकवलं तर वाळलेलं, दोनदा तर ओलं. बाजारात सगळ्यांना दिसायचं, कोणी काही बोलायचं नाही. पंधरा वर्षं ती आप्पांचा कान होऊन राहिली. तिला आलेली स्थळं त्या पंधरा वर्षांत आली आणि गेली. मी बेळगावला नोकरी धरली, लग्न केलं. शिट्टीवाली आम्ही ढिगाच्या सगळ्यात तळाशी घातली आणि पुन्हा कधी लावली नाही.

तर परवाच्या रविवारी मी निघाले. बरोबर माझी मुलगी ऋतुजा होती. ती एकोणीस वर्षांची आहे, गाडी तीच चालवते. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकलो. हल्ली प्रत्येक ट्रॅक्टरवर डोक्याएवढे स्पीकर असतात. आमच्या काचा बंद होत्या, तरी तो ठोका सीटमधून पाठीत शिरत होता. ऋतुजा स्टिअरिंगवर बोटं आपटत काहीतरी गुणगुणत होती. मला नुसता ठोका येत होता. काचा बंद आहेत म्हणून, असं मी मनाशी म्हटलं.

संकेश्वरच्या पुढे आभाळ निवळलं. निपाणीत पोचलो तेव्हा असं ऊन पडलं होतं की रस्ता चमकत होता. चहाच्या गाड्यावर माणसं मोठमोठ्यानं बोलत होती, हसत होती. सगळ्या गावाच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. मला मात्र त्या उन्हात बरं वाटेना. वाईट व्हायचं असतं ते पावसातूनच येतं असं थोडंच आहे.

आक्कानं रेकॉर्डी खालच्या खोलीत आणून ठेवल्या होत्या, आमचा तो जुना प्लेयर शेजारी. पाकिटांतली तंबाखूची पानं कागदाला चिकटून तपकिरी डाग पडले होते. ऋतुजानं एकेक पाकीट हुंगून नाक मुरडलं. मी ढिगाच्या तळातून शिट्टीवाली काढली. आक्कानं माझ्याकडे पाहिलं, पण नको म्हणाली नाही.

ठोका सुरू झाला. तोच होता, पायांनी लगेच ओळखला. आम्ही दोघी वाट बघत होतो. ठोका वाढला, भरात आला, आणि पुढे गेला. शिट्टी आलीच नाही. छस् छस् नाही, बाई नाही. चक्की चालावी तसं धुम धुम.

"सांगितलं न्हवतं?" आक्का म्हणाली. "तंबाखूनं खाल्ली. मीच पानं घातली गं, माझीच अक्कल."

"खरंच गेली," मी म्हटलं. मला हसूही आलं आणि रडूही. इतक्या वर्षांनी लावली आणि ती गेलेली निघाली, आणि गेली तीही आमच्याच शहाणपणानं. आक्काचा हात हातात घेऊन मी बसले. दोघी बहिणी एका रेकॉर्डीचं सुतक पाळत होतो. मला खरं तर थोडं हायसंही वाटलं होतं. आक्काला ऐकू येत नाही ते मलाही ऐकू येत नाही, म्हणजे दोष रेकॉर्डीचा.

तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या ऋतुजानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"आई, आवाज कमी कर ना," ती म्हणाली. "ती शिट्टी डोक्यात जातेय."

मी तिच्याकडे वळले. तिनं हात तसेच ठेवले होते, भुवया आक्रसल्या होत्या. मग तिचे हात हळूच खाली आले. आपण काय बोलून गेलो ते तिला कळलं होतं, आणि तिचा चेहरा मला अगदी ओळखीचा वाटला. वखारीच्या दारात उभ्या असलेल्या दोन मुलींचा तो चेहरा होता.

आक्काला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ती रेकॉर्ड फिरताना बघत होती, मान हलवत, अजूनही ठोक्यावर बरोबर.

मी उठून खिडकीशी गेले. खिळ्याला पान टांगलेलं होतं, त्याच्यावर थेट ऊन पडलं होतं. मी ते काढलं, मुठीत धरलं, मूठ कानाशी नेली आणि दाबली. काही आवाज झाला नाही. पुन्हा दाबली, जोरात.

"ओलं असंल अजून," आक्का मागून म्हणाली.

मी मूठ उघडली. तळहातावर चुरा होता. कोरडा, बारीक, फुंकर मारली असती तर उडून गेला असता इतका.

"कधीपासून माहीत आहे तुला?" मी ऋतुजाला विचारलं.

"दिवाळीपासून," ती म्हणाली.

दिवाळीपासून तिच्या खोलीत गाणी लागलेली असतात, दार उघडं टाकून. मी कधी आवाज कमी कर म्हटलं नाही. आधी का बोलली नाहीस, हे मी तिला विचारलं नाही.